ससा आणि नाकतोडा

दसरा उलटून गेला आहे. पावसाने निरोप घेतला आहे. वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील एखाद्या खेड्याच्या शिवारात सकाळ उजाडत आहे. सोयाबीन निघून गेल्यामुळे काही वावरे मोकळी पडली आहेत. काहींत पऱ्हाटीची बोंडे फुटू लागली आहेत आणि तिच्या ओळींच्या मधून तूर डोके वर काढून उभी आहे. दोन वावरांच्या मधल्या धुऱ्यावर गुडघाभर गवत वाळत चालले आहे आणि त्याच्या पात्यापात्यावर दव चमकत आहे. अशा वेळी शाळेची वाट जवळ करण्यासाठी तुम्ही त्या धुऱ्यावरून चालू लागलात, तर काय दृष्टीस पडते? पावलागणिक गवतातून काहीतरी टपकन् उडते आणि हातभर पलीकडे जाऊन दिसेनासे होते. तो असतो नाकतोडा. आणि एखादे दिवशी, अगदी पायाखालून निघाल्यासारखा, मातीच्या रंगाचा एक गोळा उसळतो, दोन लांब कान क्षणभर दिसतात, आणि वाकडीतिकडी धाव घेत तो पऱ्हाटीच्या ओळींत नाहीसा होतो. तो असतो ससा.

दोघेही गवतात राहणारे, दोघेही गवत खाणारे, आणि संकट जवळ आले की दोघेही उडी घेणारे. परंतु एक अडीच किलो वजनाचा, तर दुसरा जेमतेम दोन ग्रॅमचा. या दोघांत उडी मारण्यात श्रेष्ठ कोण? धुऱ्यावरून चालणाऱ्या दोन मुलांत यावरून वाद जुंपला, तर तो सहजासहजी मिटणार नाही. एक म्हणेल, “ससा एका झेपेत दोन-अडीच मीटर जमीन ओलांडतो, नाकतोड्याला एक मीटरसुद्धा पुरे होत नाही.” दुसरा म्हणेल, “पण नाकतोड्याची लांबी किती? चार सेंटिमीटर! आपल्या लांबीच्या वीसपट उडी तो मारतो. ससा त्याच्याइतका समर्थ असता, तर एका उडीत दहा मीटर गेला असता!” दोघांचेही आकडे खरे आहेत. मग न्याय कसा करावयाचा? त्यासाठी आधी या दोन्ही जिवांची नीट ओळख करून घेतली पाहिजे.

आपल्या शिवारात आढळणारा ससा म्हणजे पिंजऱ्यात पाळलेला पांढरा, लाल डोळ्यांचा ससा नव्हे. तो पाळीव प्राणी परदेशातील बिळात राहणाऱ्या एका जातीचा वंशज आहे. आपला रानटी ससा बीळ खणत नाही. गवताच्या ठोंब्याशेजारी किंवा झुडपाच्या आडोशाला तो अंगाने दाबून उथळ खळगा करतो आणि दिवसभर त्यातच अंग चोरून बसून राहतो. शास्त्रज्ञांनी १८२३ साली या जातीला ‘लेपस नायग्रिकॉलिस’, म्हणजे ‘काळ्या मानेचा ससा’, असे नाव दिले. गंमत अशी, की काळी मान ही मुख्यतः गोदावरीच्या दक्षिणेकडील सशांची खूण आहे. गोदावरीच्या उत्तरेकडील सशांची मान साधारणपणे तपकिरी असते व शेपटीच्या वरच्या अंगाला तांबूस छटा असते. म्हणून आपल्या भागात ससा दिसलाच, तर त्याच्या मानेकडे आणि शेपटीकडे अवश्य पाहावे. अर्थात, तो तेवढा अवधी देईल तर!

नाकतोड्याला तर आपण सारेच ओळखतो. त्याच्या जाती पुष्कळ आहेत. कोणी हिरवागार, कोणी वाळल्या गवतासारखा पिवळट, कोणी मातकट. पुढचे चार पाय आखूड आणि मागचे दोन पाय मात्र लांबच लांब, मांडीशी जाड आणि गुडघ्यात दुमडलेले. याच कुळाचा एक बुटका भाऊबंद धाम नदीसारख्या प्रवाहांच्या काठी, ओलसर मातीवर आणि शेवाळलेल्या दगडांवर शोधला असता सापडतो. तो बोटाच्या पेराहूनही लहान असतो. त्याच्या मानेवरचे कवच छपरासारखे थेट पाठीच्या टोकापर्यंत वाढलेले असते. तो गवताऐवजी शेवाळ आणि कुजलेला पालापाचोळा खातो. त्याचा रंग चिखलाशी इतका मिळताजुळता असतो, की तो उडेपर्यंत तेथे काही आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

आता दोघांतील साम्य पाहू. ससा काय किंवा नाकतोडा काय, दोघांनाही शत्रू फार. सशावर कोल्हा, रानमांजर आणि गरुड टपलेले असतात. बोरच्या जंगलाच्या बाजूला तर बिबट्याचीही भीती असते. नाकतोड्यावर कोतवाल, नीलपंख आणि बगळे झडप घालतात. गाई चरत असताना त्यांच्या पायांशी पांढरे बगळे लगबगीने चालताना आपण पाहतो. ते गाईच्या प्रेमाने येत नाहीत. गाईच्या पायांनी गवत हलले की जे किडे उडतात, त्यांवर त्यांचा डोळा असतो. या शत्रूंशी लढण्याजोगे ससा व नाकतोडा यांच्यापाशी काहीच नाही. शिंगे नाहीत, विष नाही, नखांत बळ नाही. म्हणून दोघांनीही एकच युक्ती साधली आहे. प्रथम निश्चळ बसावयाचे. अंगाचा रंग मातीशी आणि गवताशी मिळून जातो. हालचाल केली नाही, तर शत्रूची नजर वरून निसटून जाते. पण शत्रू फारच जवळ आला, की मग एका क्षणात उसळी घेऊन पळावयाचे. शत्रू दचकतो, आणि तो सावध होईपर्यंत भक्ष्य दूर गेलेले असते.

या युक्तीसाठी शत्रू लवकर दिसणे आवश्यक असते. म्हणून दोघांचेही डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना आहेत. मान न वळवता ससा जवळजवळ चहूकडे पाहू शकतो. नाकतोड्याचे मोठे डोळे अनेक लहान लहान डोळ्यांचे मिळून बनलेले असतात. त्यांनाही सभोवारची हालचाल टिपता येते. एक प्राणी हाडामासाचा, दुसरा कीटक. त्यांचे पूर्वज कोट्यवधी वर्षांपूर्वीच वेगळे झाले. तरीही एकाच गवतात राहून, एकाच प्रकारच्या संकटाला तोंड देता देता, दोघेही एकाच उपायापर्यंत पोहोचले. अडचण सारखी असली की उपायही पुष्कळदा सारखाच निघतो, हे निसर्गात वारंवार दिसून येते.

परंतु हे साम्य वरवरचे आहे. आत डोकावून पाहिले, तर दोघांची घडण अगदी निराळी आहे. सशाची हाडे शरीराच्या आत असतात व त्यांवर स्नायू बांधलेले असतात. नाकतोड्याच्या शरीरात एकही हाड नाही. त्याचे कठीण कवच हाच त्याचा सांगाडा. स्नायू त्या कवचाला आतून चिकटलेले असतात. ससा नाकाने श्वास घेतो आणि तो फुप्फुसांत जातो. नाकतोड्याला फुप्फुसे नाहीत; त्याच्या छातीच्या व पोटाच्या दोन्ही बाजूंना बारीक बारीक छिद्रांच्या रांगा असतात आणि त्यांतून सूक्ष्म नळ्यांच्या वाटे हवा थेट शरीराच्या कानाकोपऱ्यांत पोहोचते. सशाचे रक्त लाल असते. नाकतोड्याच्या रक्तात तो लाल पदार्थच नसतो. आणि कानांचे म्हणाल, तर सशाचे कान दुरून दिसतात. नाकतोड्याचे कान कोठे असतात, ठाऊक आहे? पोटाच्या पहिल्या वळीवर, पंखांच्या खाली दडलेले! तेथे दोन्ही बाजूंना एकेक पातळ पडदा असतो आणि त्याने तो आवाज ऐकतो. नदीकाठच्या त्या बुटक्या भाऊबंदाला मात्र तेही कान नाहीत.

दोघेही गवत खातात खरे. पण गवत पचविणे ही सोपी गोष्ट नव्हे. सशाचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, म्हणून गवत कुरतडून ते झिजले तरी संपत नाहीत. वरच्या जबड्यात पुढच्या दोन दातांच्या मागे आणखी दोन बारीक दात असतात, ही सशाच्या कुळाची खूण आहे; उंदराच्या कुळात ती नसते. खाल्लेले गवत एका फेरीत पुरते पचत नाही. म्हणून ससा आपल्या मऊ लेंड्या पुन्हा खातो आणि त्यांतील उरलेले सत्त्व दुसऱ्या फेरीत काढून घेतो. आपल्याला हे ऐकून किळस वाटेल. पण गाईने रवंथ करावे, तसाच हा प्रकार आहे. नाकतोड्याचे दात तोंडात नसून त्याचे जबडेच कात्रीसारखे आडवे चालतात. पात्याच्या कडेवर बसून तो पाते कातरत जातो, तेव्हा त्याच्याकडे जवळून पाहिले तर ती कात्री चालताना स्पष्ट दिसते.

आता आपल्या मूळ वादाकडे वळू. लाकडाचे दोन ठोकळे डोळ्यांसमोर आणा. पहिला एक सेंटिमीटर लांब, रुंद व उंच. दुसरा दहा सेंटिमीटर लांब, रुंद व उंच. दुसरा पहिल्याच्या किती पट मोठा? चटकन् आपण म्हणू, दहापट. पण त्याची एक बाजू मोजा: पहिल्याची एक चौरस सेंटिमीटर, दुसऱ्याची शंभर चौरस सेंटिमीटर. आणि वजन? पहिल्यासारखे एक हजार ठोकळे रचावे, तेव्हा दुसरा तयार होतो. म्हणजे लांबी दहापट झाली, तर बाजूचे क्षेत्रफळ शंभरपट आणि वजन हजारपट होते.

हाच हिशेब प्राण्यांना लावा. दोराचे बळ त्याच्या जाडीवर अवलंबून असते, लांबीवर नव्हे. स्नायूचेही तसेच आहे. समजा, एखादा नाकतोडा जादूने दहापट लांब, दहापट रुंद व दहापट उंच झाला. त्याच्या मांडीच्या स्नायूची जाडी, म्हणजे छेदाचे क्षेत्रफळ, शंभरपट होईल; म्हणून बळही शंभरपट होईल. पण वजन मात्र हजारपट होईल. शंभरपट बळाने हजारपट ओझे वाहावयाचे! असा राक्षसी नाकतोडा आपल्या चिमुकल्या भावाच्या दहापट लांब उडी कशी मारणार? इटलीतील थोर शास्त्रज्ञ गॅलिलिओ याने १६३८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवून दिले, की मोठ्या प्राण्याची हाडे लहान प्राण्याच्या हाडांच्या प्रमाणात नुसती लांब करून भागत नाही. ती प्रमाणाबाहेर जाड करावी लागतात. हत्तीचे पाय खांबासारखे का असतात आणि नाकतोड्याचे पाय काडीसारखे असूनही त्याला कसे पुरतात, याचे उत्तर या साध्या हिशेबात आहे.

मग आपला राक्षसी नाकतोडा किती उंच उडेल? तेही काढून पाहू. त्याचे बळ शंभरपट झाले. त्याचे पाय दहापट लांब झाले, म्हणून जमिनीला रेटा देण्यासाठी त्याला दहापट अधिक अंतर मिळाले. बळ शंभरपट आणि अंतर दहापट. म्हणजे काम झाले हजारपट. वजनही हजारपटच आहे. तेव्हा उडी किती उंच जाईल? पहिल्याइतकीच! गॅलिलिओनंतर बोरेल्ली नावाच्या दुसऱ्या इटालियन शास्त्रज्ञाने सतराव्या शतकातच हा विचार मांडला होता, की सारख्या घडणीचे लहान व मोठे प्राणी जवळजवळ सारख्याच उंचीची उडी मारतील. प्रत्यक्षात थोडाफार फरक पडतो; लहानग्यांना हवेचा अडथळा अधिक जाणवतो आणि प्रत्येकाची घडणही सारखी नसते. तरीही ससा नाकतोड्याच्या हजारपटीहून अधिक वजनदार असता दोघांच्या उड्यांतील फरक मात्र काही थोड्या पटींचाच असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या हिशेबाचे महत्त्व पटते. माणसाचेही तेच. १९९१ साली माइक पॉवेल या खेळाडूने ८.९५ मीटर लांब उडी मारून जागतिक विक्रम केला. आपल्या उंचीच्या वीसपट उडी त्याच्याकडूनही झाली नाही, आणि कोणाकडूनही होणार नाही.

म्हणून “लांबीच्या किती पट” हे मोजमापच येथे न्यायाचे नाही. त्या मोजमापाने लहान प्राणी नेहमीच जिंकेल आणि मोठा नेहमीच हरेल. तसेच “किती मीटर” एवढेच पाहिले, तर धावत येऊन झेप घेणारा ससा जिंकेल. पण बसल्या जागेवरून उडणाऱ्या नाकतोड्यावर तोही अन्यायच होय.

लहानग्याची खरी अडचण निराळीच आहे. त्याचे पाय आखूड. पाय पूर्ण ताठ होईपर्यंत जो अल्पसा वेळ मिळतो, तेवढ्यातच सारा वेग आला पाहिजे. एकदा पाय जमिनीवरून सुटले, की पुढे रेटा देता येत नाही. आणि इतक्या झटपट आकुंचन पावणे कोणत्याही स्नायूला साधत नाही. मग नाकतोडा काय करतो? तुम्ही गलोल वापरून पाहिली असेल. नुसत्या हाताने खडा फेकला तर तो थोडा दूर जातो. पण रबर सावकाश ताणून एकदम सोडले, तर तोच खडा कितीतरी वेगाने सुटतो. हाताचे बळ तेच. फक्त ते हळूहळू साठविले आणि एकाएकी मोकळे केले. नाकतोड्याच्या मांडीत नेमकी हीच गलोल आहे. उडण्यापूर्वी तो पाय दुमडून घेतो, मांडीचे स्नायू आवळून धरतो आणि गुडघ्याजवळची कवचाची लवचीक कमान वाकवून ठेवतो. या तयारीला सुमारे अर्धा सेकंद लागतो. मग अडकण सुटते, आणि सेकंदाच्या तिसाव्या भागाएवढ्या वेळात पाय ताठ होऊन तो हवेत फेकला जातो. सशाला अशा गलोलीची तितकी गरज पडत नाही. त्याचे मागचे पाय लांब असल्यामुळे रेटा देण्यास वेळ मिळतो, आणि धावेच्या प्रत्येक झेपेत पायांतील बळकट स्नायुबंध ताणले जाऊन पुन्हा आखडतात व पुढच्या झेपेला हातभार लावतात. थोडक्यात, एकाने गलोल साधली आहे आणि दुसऱ्याने धाव. आपापल्या आकाराला जे योग्य, तेच दोघांनी केले आहे.

आकाराचा हा हिशेब उडीपुरताच नाही. वर्धा जिल्ह्याचा उन्हाळा सर्वांच्या परिचयाचा आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा काळी जमीन भेगाळते आणि वारासुद्धा पोळतो. उष्णता शरीरात शिरते ती पृष्ठभागातून आणि बाहेर पडते तीही पृष्ठभागातूनच. लहान शरीराला वजनाच्या मानाने पृष्ठभाग फार. म्हणून नाकतोडा झटकन तापतो आणि झटकन थंड होतो. थंडीच्या सकाळी तो गारठून सुस्त बसलेला असतो. मग उन्हाकडे अंगाची बाजू करून तो ऊब घेतो आणि त्यानंतरच चपळ होतो. याउलट भर दुपारी तो तापलेली जमीन सोडून काडीवर चढतो आणि ऊन कमीत कमी लागावे अशा बेताने तोंड वळवून बसतो. सशाच्या शरीराची उष्णता मात्र हिवाळा असो वा उन्हाळा, जवळजवळ सारखीच ठेवावी लागते. त्याच्या मोठ्या देहातील उष्णता सहजी बाहेर पडत नाही. त्यासाठी त्याचे कान कामी येतात. त्या पातळ कानांत रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. सावलीत बसल्यावर तेथून उष्णता हवेत निघून जाते. लांब कान केवळ ऐकण्यासाठी नसतात, हे यावरून कळेल. दिवसा खळग्यात पडून राहावे आणि संध्याकाळी, रात्री व पहाटे चरावे, हा सशाचा क्रमही याच उन्हाला धरून आहे.

आता त्यांच्या पिलांविषयी एक गोष्ट सांगावयाची आहे. ती विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. नाकतोड्याची मादी पोटाचे टोक जमिनीत खुपसून मातीत अंडी घालते व त्यांभोवती फेस सोडते. तो फेस वाळून अंड्यांचे रक्षण करतो. पुष्कळ जातींची अंडी अशीच मातीत कोरडे दिवस काढतात आणि पाऊस पडून गवत उगवू लागले की त्यांतून पिले निघतात. ही पिले आईबापांसारखीच दिसतात. मात्र त्यांना पंख नसतात. कवच वाढत नसल्यामुळे ती पुनःपुन्हा कात टाकतात आणि शेवटच्या वेळी पंख घेऊन बाहेर येतात. त्यांना आईची ओळखही नसते.

सशाचे तसे नाही. बिळात जन्मणाऱ्या परदेशी सशाची पिले उघडी व आंधळी असतात. आपला रानटी ससा उघड्यावर जन्मतो, म्हणून त्याचे पिलू अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्माला येते. एका वेतात बहुधा एक-दोनच पिले होतात. आई त्यांना गवतात लपवून दूर निघून जाते व अंधार पडल्यावर येऊन दूध पाजते. ती निष्ठुर असते काय? मुळीच नाही. ती सतत जवळ बसली, तर तिच्या वासाने आणि हालचालीने शत्रूला पिलांचा माग लागेल. म्हणून दूर राहणे हीच तिची माया आहे.

हरभरा सोंगताना किंवा गवत कापताना असे एखादे पिलू मुलांच्या हाती लागते. ते एकटे असते, मुळीच हलत नाही, पळत नाही. मुलांना वाटते, बिचारे पोरके झाले आहे आणि आपल्याला भीतही नाही. ती दयेने त्याला घरी नेतात, गाईचे दूध पाजतात, टोपलीखाली ठेवतात. आणि पुष्कळदा ते पिलू थोड्याच दिवसांत दगावते. मुलांनो, ते पोरके नव्हते आणि निर्भयही नव्हते. निश्चळ बसणे हाच त्याच्या संरक्षणाचा एकमेव उपाय होता, आणि त्याची आई तिन्हीसांजेची वाट पाहत कोठेतरी जवळच होती. रात्री ती त्या जागी आली असेल, आणि तिला ती जागा रिकामी सापडली असेल. म्हणून असे पिलू दिसले, तर त्याला हात लावू नये. विळा त्या जागेपासून दूर वळवावा, कुत्र्याला हाकलावे आणि आपण निघून जावे. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे रानटी ससा मारणे, पकडणे किंवा पाळणे हा गुन्हा आहे. नाकतोड्याला असा कायदा नाही. पण त्याला मागच्या पायाने धरू नये, एवढे तरी आपण पाळावे. तसे धरले की तो पाय सोडून देऊन निसटतो, आणि तो पाय पुन्हा कधीही उगवत नाही. एका पायाच्या नाकतोड्याची गलोल अर्धी मोडली, असे समजा.

शेतकरी मात्र विचारील, “हे सारे खरे; पण दोघेही माझे पीक खातात, त्याचे काय?” हा प्रश्न रास्त आहे. ससा हरभऱ्याचे कोवळे शेंडे कुरतडतो, यात शंका नाही. पण त्याचा माग डोळ्यांना दिसतो, म्हणून त्याचा दोष मोठा वाटतो. रोही आणि रानडुक्कर यांचे कळप एका रात्रीत जे नुकसान करतात, त्याच्यापुढे सशाचे खाणे काहीच नव्हे. नाकतोड्यांचे म्हणावे, तर एक नाकतोडा कितीसा खाणार? पण अडीच किलोच्या सशाच्या वजनाइतके व्हावयास दोन ग्रॅमचे साडेबाराशे नाकतोडे लागतात, आणि लहान देहाची भूक वजनाच्या मानाने मोठी असते.

ही भूक किती मोठी होऊ शकते, हे आपल्या जिल्ह्याने मे २०२० मध्ये पाहिले. राजस्थान व मध्य प्रदेश ओलांडून वाळवंटी टोळांचा थवा अमरावती, वर्धा व नागपूर या जिल्ह्यांत उतरला. टोळ म्हणजे नाकतोड्याचाच एक भाऊबंद; पण त्याचा स्वभाव विलक्षण आहे. एकटा असताना तो साध्या नाकतोड्यासारखाच गुपचूप राहतो. पाऊस चांगला होऊन पिलांची गर्दी झाली आणि ती एकमेकांना घासू लागली, की त्यांचा रंग बदलतो, वागणूक बदलते आणि ती थव्याने निघतात. एक चौरस किलोमीटर पसरलेल्या थव्यात चार ते आठ कोटी टोळ असू शकतात, आणि प्रत्येक टोळ दिवसाला जवळजवळ आपल्या वजनाइतके खातो. चार कोटी टोळ प्रत्येकी दोन ग्रॅम खाऊ लागले, तर एका दिवसात ऐंशी हजार किलो हिरवळ नाहीशी होते! त्या वेळी खरिपाची पेरणी व्हावयाची होती. परंतु संत्र्याच्या बागा व भाजीपाला उभा होता, आणि तो वाचविण्यासाठी औषधांची फवारणी करावी लागली.

पण धुऱ्यावरचा आपला नाकतोडा म्हणजे तो टोळ नव्हे. तो थवे करीत नाही आणि एरवी त्याच्या संख्येला आळा घालणारे कोतवाल, नीलपंख आणि बगळे आपल्या शिवारातच राहतात. हे पक्षी टिकावेत म्हणून त्यांचे अन्नही टिकले पाहिजे. उन्हाळ्यात काही ठिकाणी धुऱ्यांवरचे गवत पेटवून देतात. वावर स्वच्छ झाल्यासारखे दिसते खरे. परंतु त्या आगीत सशाचा आडोसा जातो, एखादे निश्चळ बसलेले पिलूही जाते, आणि पक्ष्यांची शिकारभूमी उजाड होते. पाऊस पडला म्हणजे मात्र खोल मातीतील किड्यांची अंडी फुटतात आणि त्यांना खाणारे पक्षी दूर गेलेले असतात. धुऱ्याची ती हातभर रुंदीची पट्टी वाया गेलेली जमीन नव्हे. तेथे शेताचे शत्रूही राहतात आणि शेताचे राखणदारही.

तर मग आपल्या दोन मित्रांच्या वादाचा निकाल काय? उडी मारण्यात ससा श्रेष्ठ नव्हे आणि नाकतोडाही नव्हे. दोघांचेही मोठेपण वीसपट किंवा अडीच मीटर अशा आकड्यांत नाही. आपल्या आकाराच्या अडचणी ओळखून त्यांतून वाट काढण्यात ते आहे. उद्या सकाळी धुऱ्यावरून जाल, तेव्हा जरा सावकाश चाला. एखादा नाकतोडा काडीवर बसलेला दिसेल. त्याचा दुमडलेला पाय पाहा आणि त्यात ताणलेली गलोल आठवा. गवताच्या ठोंब्याशेजारी मातीच्या रंगाचे काही दिसले, तर तेथे पाऊल टाकण्यापूर्वी क्षणभर थांबा. तेथे दोन उघडे डोळे तुमच्याकडे पाहत असतील. आपण थांबलो आणि वळसा घालून पुढे गेलो, तर त्या डोळ्यांना पळावे लागणार नाही.